परदेशातून आलेल्यांना नुसती भाषा शिकवून भागत नाही, हे जेन ॲडम्स यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं

आपला मुलूख सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसापुढं पहिले दोन प्रश्न असतात. काम कुठं मिळणार? आणि इथली माणसं आपल्याला आपलं म्हणणार का?

आज डिग्री आणि लॅपटॉप घेऊन टोरांटोला उतरलेल्या पोराला हे प्रश्न पडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी एक गाठोडं घेऊन शिकागोच्या स्टेशनवर उतरलेल्या इटालियन शेतकऱ्यालाही पडायचे. फरक एवढाच, की त्या शेतकऱ्याला कुणी मार्ग दाखवणारं नव्हतं. व्हिसा सल्लागार नव्हते, फेसबुक ग्रुप नव्हते आणि सरकारी मदत तर जवळपास नव्हतीच.

अशा वेळी एका श्रीमंत घरातल्या बाईनं या लोकांच्या वस्तीतच घर घेतलं आणि पुढची ४६ वर्षं तिथं मुक्काम ठोकला. मदत करायला म्हणून गेलेल्या या बाईला आधी स्वतःलाच बरंच शिकावं लागलं. तिचं नाव जेन ॲडम्स. पुढं याच बाईला शांततेचं नोबेल मिळालं. पण त्यासाठीच्या कामापेक्षा तिच्या घराची गोष्ट जास्त रंजक आहे.

डॉक्टर व्हायला निघाली होती

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल नावाच्या छोट्या गावातला. वडील जॉन ॲडम्स गिरणीमालक, राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि अब्राहम लिंकन यांच्या ओळखीतले. जेन दोन वर्षांची असताना आई गेली. चौथ्या वर्षी मणक्याचा क्षय झाला. पाठ वाकली आणि तब्येतीची कुरकुर आयुष्यभर मागं लागली.

१८८१ मध्ये रॉकफर्डच्या मुलींच्या कॉलेजातून शिक्षण संपलं. त्याच वर्षी वडील अचानक वारले. घरात पैसा होता, पण पुढं करायचं काय ते कळत नव्हतं. जेननं फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला.

आता हे कॉलेज मराठी माणसाला अनोळखी नाही. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी याच कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. जेनला मात्र ते जमलं नाही. पाठीच्या दुखण्यानं उचल खाल्ली, ऑपरेशन झालं आणि शिक्षण अर्धवट सुटलं.

त्यानंतरची सहा-सात वर्षं अशीच गेली. युरोपच्या सहली झाल्या, चित्रं पाहून झाली, भाषा शिकून झाल्या. पण हाताला काम नाही आणि मनाला चैन नाही. शिकलेल्या बाईनं लग्न करावं किंवा घरातल्या आजाऱ्यांची सेवा करावी, एवढेच रस्ते तेव्हा होते.

१८८३ मध्ये लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये जेन यांनी एक दृश्य पाहिलं होतं. शनिवारच्या रात्री उरलेल्या, सडायला आलेल्या भाजीचा लिलाव चालला होता आणि गोरगरीब त्यावर तुटून पडत होते. ते दृश्य डोक्यातून गेलं नाही. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्याच भागातला टॉयन्बी हॉल त्यांनी पाहिला. विद्यापीठात शिकलेली तरुण मंडळी तिथं गरिबांच्या वस्तीतच राहायला आली होती. लांबून दानधर्म करायचा नाही, शेजारी होऊन राहायचं, अशी ती कल्पना. जेन यांना आपला रस्ता दिसला.

हल हाऊस सुरू झालं

शिकागो तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. १८९० च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाखांच्या घरात गेली. दर दहा माणसांमागं चार जण परदेशात जन्मलेले. कत्तलखाने, रेल्वे, पोलाद, कपडे शिवायचे कारखाने यांना माणसं हवी होती आणि युरोपातल्या खेड्यांमधून ती येत होती.

१८ सप्टेंबर १८८९ ला जेन ॲडम्स आणि त्यांची कॉलेजातली मैत्रीण एलेन गेट्स स्टार या हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या बंगल्यात राहायला आल्या. बंगला चार्ल्स हल नावाच्या व्यापाऱ्यानं बांधलेला, म्हणून त्याचं नाव हल हाऊस. आजूबाजूला इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, रशिया आणि पोलंडमधून आलेले ज्यू अशी सगळी सरमिसळ. एका गल्लीत एक भाषा, दुसऱ्या गल्लीत दुसरी.

सुरुवातीला या दोघींना वाटलं होतं, की लोकांना चांगली पुस्तकं आणि चांगली चित्रं दाखवावीत. तसे वाचनाचे कार्यक्रम झालेही. पण शेजाऱ्यांच्या गरजा वेगळ्याच निघाल्या. कुणाला कामावर जाताना पोर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. कुणाला साहेबाचं पत्र वाचून हवं होतं. कुणाचं बाळंतपण अडलं होतं.

मग बालवाडी आली, पाळणाघर आलं. इंग्रजीचे आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे वर्ग आले. कारखान्यात काम करणाऱ्या मुलींसाठी त्यांनी स्वतःच चालवायचं वसतिगृह आलं. संपावर गेलं तर खोलीचं भाडं कुठून भरायचं, या भीतीवर त्या मुलींनी शोधलेला तो उपाय होता. दुसऱ्या वर्षापर्यंत आठवड्याला दोन हजार माणसं हल हाऊसच्या पायऱ्या चढत होती.

सगळंच जमलं असं नाही. स्वस्त आणि पौष्टिक जेवण मिळावं म्हणून शास्त्रीय पद्धतीचं सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. बॉस्टनला जाऊन त्याचं शिक्षण घेऊन आले. पण शेजाऱ्यांनी त्याकडं पाठ फिरवली. पौष्टिक असेल हो, पण आपल्या घरची चव त्याला नव्हती. शेवटी तिथं कॉफी हाऊस झालं आणि ते मात्र जोरात चाललं. लोकांचं भलं कशात आहे हे लोकांना न विचारता ठरवलं की काय होतं, ते त्या स्वयंपाकघरानं दाखवलं.

चॉकलेट नको म्हणणाऱ्या मुली

पहिल्याच नाताळची गोष्ट. हल हाऊसमध्ये मुलांना मिठाई वाटली जात होती. काही छोट्या मुलींनी ती घ्यायला नकार दिला. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी ७ ते रात्री ९ काम केल्यावर त्यांना मिठाई डोळ्यांपुढंही नको होती.

त्याच हिवाळ्यात जवळच्या एका कारखान्यात एकाच यंत्रावर तीन मुलं जखमी झाली आणि त्यातलं एक दगावलं. यंत्राला थोडक्या पैशांत बसणारी जाळी लावली असती तर हे टळलं असतं. पण कामावर घेतानाच आईबापांकडून लिहून घेतलं होतं, की अपघात झाला तर दावा करणार नाही.

इथून हल हाऊसचं काम बदललं. नुसती मदत पुरणार नव्हती, कायदा लागणार होता. हल हाऊसमध्ये राहायला आलेल्या फ्लॉरेन्स केली यांनी शिवणकामाच्या कोंदट खोल्या पालथ्या घातल्या. १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखाना कायदा झाला. कारखान्यांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली आणि केली याच राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. कायद्यातलं बायकांसाठीचं आठ तासांच्या दिवसाचं कलम मात्र दोनच वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं.

१८९५ मध्ये हल हाऊसनं आपल्या वस्तीचे नकाशे पुस्तकात छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसं राहतात आणि त्या घराची आठवड्याची कमाई किती, हे घरागणिक रंगांनी दाखवलेलं. आज आपण ज्याला डेटा म्हणतो, तो या मंडळींनी दारोदार फिरून गोळा केला होता.

त्याच वर्षी जेन ॲडम्स यांनी वॉर्डातल्या कचऱ्याचं कंत्राट भरलं. अर्ज तांत्रिक कारणावरून फेटाळला गेला, पण बोभाटा एवढा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाचं कचरा निरीक्षक नेमलं. मग काय, बाई पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागं. एका गल्लीत दीड फूट घाण खरवडल्यावर खाली चक्क फरसबंदी रस्ता सापडला. तिथल्या लोकांना तो असल्याचं माहीतही नव्हतं.

टकळीवाली आई आणि लाजणारी मुलगी

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

जेन यांच्या लक्षात एक गोष्ट येत होती. युरोपातून आलेली माणसं अडाणी नव्हती. कुणी उत्तम सूत काततं, कुणी लाकडावर नक्षी काढतं, कुणाच्या हातात धातूची कला. पण शिकागोच्या कारखान्यात या कशालाच किंमत नव्हती. तिथं यंत्र होतं आणि यंत्रापुढं दिवसभर एकच हालचाल करणारा हात हवा होता. काल गावात मान असलेला कारागीर इथं एका रात्रीत अकुशल मजूर होत होता.

दुसरं नुकसान घरात होत होतं. मुलं शाळेत जाऊन पटकन इंग्रजी शिकायची. मग डॉक्टरकडं, दुकानात, कचेरीत आईबापांच्या वतीनं तीच बोलायची. घरातला कर्ता बाप पोराच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. मुलांना आईबापांचे कपडे, बोली, जेवण यांची लाज वाटू लागली होती.

एकदा रस्त्यानं जाताना जेन यांना एक इटालियन म्हातारी साध्या टकळीवर सूत कातताना दिसली. त्यावरून १९०० मध्ये हल हाऊसमध्ये कामाचं संग्रहालय सुरू झालं. नाव लेबर म्युझियम. शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई हे जेन यांचे जवळचे मित्र, आणि करून शिकण्याच्या त्यांच्या विचारांची छाप या संग्रहालयावर होती.

तिथं काचेच्या कपाटातल्या वस्तू नव्हत्या, तिथं माणसं होती. सीरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश बायका आपापल्या पद्धतीनं सूत कातून दाखवायच्या. साध्या टकळीपासून पायानं चालवायच्या चरख्यापर्यंत आणि तिथून कारखान्यातल्या यंत्रापर्यंत सगळं क्रमानं मांडलेलं. बघणाऱ्याला कळायचं, की ते अवाढव्य यंत्र आकाशातून पडलेलं नाही. ते आपल्या आजीच्या टकळीचंच नातवंड आहे.

जेन यांनी एका इटालियन मुलीची हकिकत सांगून ठेवली आहे. ही मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला यायची आणि तिची आई त्याच संध्याकाळी संग्रहालयात सूत कातायला. आईच्या डोक्याला रुमाल, अंगात गावाकडचा पोशाख. मुलीला लाज वाटायची म्हणून ती वेगळ्या दारानं आत शिरायची. एक दिवस तिनं पाहिलं, की शिक्षण महाविद्यालयातून आलेले पाहुणे आईभोवती जमलेत आणि तिच्या हाताचं कौतुक करतायत. टकळीवर इतकं चांगलं कातणारं अमेरिकेत दुसरं कुणी नसेल, असं कुणीतरी म्हटलेलं तिच्या कानावर पडलं. हे खरं आहे का, असं तिनं जेन यांना विचारलं आणि जेन यांनी तिला आईच्या गावाबद्दल सांगितलं. त्यानंतर मायलेकी एकाच दारानं यायला लागल्या.

टकळीमुळं त्या आईला कारखान्यात जास्त मजुरी मिळाली नाही. पण आपल्याला काहीतरी येतं, हे तिला आणि तिच्या लेकीला दोघींनाही कळलं. जेन यांचं म्हणणं हेच होतं. नवीन माणसाला नवीन कौशल्य शिकवायलाच हवं, आणि त्यासाठी हल हाऊसमध्ये शिवणकाम, लाकूडकाम, धातुकाम असे वर्गही होते. पण त्याला आधीपासून जे येतं ते शून्य धरून शिकवायला बसलात, तर अर्धा माणूस तुम्ही तिथंच गमावता. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढं हेच मांडलं. शाळा मुलांना अमेरिकन करते खरी, पण ते करताना त्यांना आईबापांपासून तोडते, अशी त्यांची तक्रार होती.

कामाचे दलाल आणि स्टेशनवरचं टेबल

मान महत्त्वाचा, पण पोट त्याच्या आधी. आणि काम मिळवून देण्याच्या नावाखाली शिकागोत उघड लूट चालायची.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाला काम शोधायला दलालाकडं जावं लागे. बऱ्याचदा हा दलाल त्याच्याच देशाचा, त्याच्याच भाषेत गोड बोलणारा. तो आधी फी घ्यायचा. मग टोळीच्या टोळी दूरच्या राज्यात रेल्वेच्या कामावर धाडायचा. तिथं पोचल्यावर कळायचं, की काम नाहीच, किंवा दोन दिवसांत संपणार आहे. खिसा रिकामा झालेली माणसं शेकडो मैल पायी परत यायची.

१९०८ मध्ये शिकागोत इमिग्रंट्स प्रोटेक्टिव्ह लीग ही संस्था उभी राहिली. जेन ॲडम्स त्यात पुढं होत्या आणि कारभार ग्रेस ॲबट या तरुण कार्यकर्तीकडं होता. ॲबट यांनी पहिलं काम केलं ते या दलालांच्या कचेऱ्यांची तपासणी. कोण किती फी घेतो, माणसं कुठं पाठवतो, पाठवल्यावर काय होतं, हे सगळं लिहून काढलं. त्या माहितीच्या बळावर १९०९ मध्ये दलालांवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्यात कडक करण्यात आला.

दुसरं काम स्टेशनवरचं. न्यूयॉर्कला बोटीतून उतरलेले लोक आगगाडीनं शिकागोला यायचे. हातात पत्त्याचा चुरगळलेला कागद, पत्ता कधी चुकीचा, कधी नातेवाईक घर बदलून गेलेले. एकट्यादुकट्या मुलींना तर फसवणाऱ्यांचा धोका जास्त. लीगची माणसं त्यांची भाषा बोलत, पत्ता शोधून देत आणि त्यांना सुखरूप पोचवत. मुलगी ठरलेल्या घरी पोचली का, हे नंतर घरी जाऊन बघून येत.

त्यांच्या बाजूनं उभं राहण्याची किंमत

१९०८ मध्येच आणखी एक घटना घडली. लाझारस अव्हरबुख नावाचा रशियातून आलेला ज्यू तरुण शिकागोच्या पोलीसप्रमुखांच्या घरी गेला आणि तिथं गोळ्या लागून मेला. पोलीसप्रमुखांचं म्हणणं, तो अराजकवादी होता आणि मारायला आला होता. वर्तमानपत्रं पेटली आणि सगळ्या रशियन ज्यूंवर संशय आला.

जेन ॲडम्स यांनी वस्तीची बाजू घेतली. बहिणीला वकील मिळावा, नीट चौकशी व्हावी, यासाठी त्यांनी धडपड केली. पोलीसप्रमुख निर्दोष ठरले आणि जेन यांच्यावर टीकेची झोड उठली. एका माणसावरच्या आरोपासाठी अख्ख्या समाजाला आरोपी करू नका, एवढंच त्या सांगत होत्या.

पहिल्या महायुद्धात तर त्या देशाच्या नावडत्या झाल्या. १९१५ मध्ये हेगला भरलेल्या महिलांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तरी त्यांनी विरोध सोडला नाही. कालपर्यंत डोक्यावर घेणारी वर्तमानपत्रं त्यांना देशद्रोही ठरवू लागली. पुढं १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेचं दार दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांसाठी जवळपास बंद केलं. म्हणजे हल हाऊसच्या शेजाऱ्यांच्याच भाऊबंदांसाठी.

त्यांच्या कामालाही मर्यादा होत्या. १९०१ मध्ये काळ्या लोकांच्या झुंडबळींवर त्यांनी निषेधाचा लेख लिहिला, पण मारलेल्यांवरचे आरोप खरे असल्यासारखं धरून चालल्या. इडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी आकडे देऊन त्यांना जाहीर उत्तर दिलं. पुढं १९०९ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी एनएएसीपी संघटना उभी राहिली, तेव्हा या दोघीही तिच्या संस्थापकांमध्ये होत्या.

नोबेल आणि नागपाडा

१९३१ मध्ये जेन ॲडम्स यांना निकोलस मरे बटलर यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला. तब्येतीमुळं त्या ओस्लोला जाऊ शकल्या नाहीत. २१ मे १९३५ ला शिकागोत कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. हल हाऊसच्या अंगणात ठेवलेल्या त्यांच्या पार्थिवाचं दर्शन घ्यायला हजारो शेजारी रांगेत उभे होते.

वस्तीत घर करून राहण्याची ही चळवळ तोवर मुंबईतही पोचली होती. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ड यांनी १९२० च्या दशकात नागपाड्यात, नाना जातिधर्मांच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, नागपाडा नेबरहुड हाऊस उभं केलं. १९३६ मध्ये तिथंच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं आणि मॅन्शर्ड त्याचे पहिले संचालक झाले. आज आपण त्या संस्थेला टिस म्हणून ओळखतो.

हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६० च्या दशकात विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. मूळ बंगला संग्रहालय म्हणून उभा आहे. हल हाऊसच्या नावानं चालणारी संस्था पैशांअभावी २०१२ मध्ये बंद पडली.

प्रश्न मात्र तसाच आहे. फक्त आता यंत्राच्या जागी कॉम्प्युटर आलाय आणि टकळीच्या जागी परदेशात न चालणारी डिग्री. स्वतःच्या देशात नर्स, शिक्षक किंवा इंजिनियर असलेली माणसं नव्या देशात गोदामात खोकी उचलतात, टॅक्सी चालवतात. दलाल आजही आहेत, ते व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर पाठवतात. अशा माणसाला मदत करायची तर सुरुवात कुठून करायची, याचं जेन ॲडम्स यांनी दाखवलेलं उत्तर साधं आहे. त्याला काय येत नाही याची यादी करण्याआधी, त्याला काय येतं ते विचारायचं.